गोवर मावळतो, धोका मावळत नाही

देवीच्या रोगाची आठवण आता वयोवृद्धांनाच उरली आहे. १९७५ साली भारतात देवीचा अखेरचा रुग्ण आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. लोकसमजुतीने देवीच्या पंगतीत बसविलेला गोवर मात्र अद्याप आपल्यात आहे. देवीचे लोकांना जेवढे भय वाटे, तेवढे गोवराचे वाटत नाही. ‘गोवर प्रत्येकाला येतोच’, ‘अंगावर नीट निघाला की मूल सुटले’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. पुरळ मावळले की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात.

नेमकी येथेच चूक होते. गोवराने दगावणारी बहुतेक बालके त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने, अतिसाराने किंवा मेंदूच्या दाहाने दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ लाख ७ हजार माणसे गोवराने मृत्युमुखी पडली आणि त्यांत पाच वर्षांखालील बालकांची संख्या सर्वाधिक होती. ज्या रोगावर १९६३ पासून लस उपलब्ध आहे, त्याने एवढे बळी घ्यावेत ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटसारख्या सीमेवरील तालुक्यात काम करणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी हा रोग नीट समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रोगाची वाटचाल

गोवर हा विषाणूजन्य रोग असून तो हवेवाटे पसरतो. रुग्ण खोकला किंवा शिंकला की विषाणू हवेत मिसळतात आणि रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीत सुमारे दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा व्यक्ती रुग्णाच्या निकट आल्या, तर त्यांतील नऊ जणांना लागण होते. सांसर्गिक रोगांत याहून वेगाने पसरणारा रोग क्वचितच सापडेल.

लागण झाल्यापासून साधारणपणे दहा दिवसांनी ताप, खोकला, नाक वाहणे व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसू लागतात. त्यानंतर तीन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर तांबूस पुरळ उठते आणि हळूहळू सर्वांगावर उतरते. पुरळ उठण्यापूर्वीचे चार दिवस व उठल्यानंतरचे चार दिवस रुग्णापासून इतरांना लागण होऊ शकते. म्हणजे घरच्यांना गोवराची शंका येण्यापूर्वीच ते बालक अंगणवाडीत, लग्नमांडवात किंवा एस.टी. गाडीत अनेकांच्या संपर्कात येऊन गेलेले असते. रुग्ण दिसल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच लस देणे हाच खरा बंदोबस्त का, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

पुरळ मावळल्यानंतर

मुले सुपोषित आहेत व वैद्यकीय सोयी मुबलक आहेत अशा देशांतही गोवर झालेल्या दर दहा मुलांपैकी एकाचा कान फुटतो, दर वीस मुलांपैकी एकास न्यूमोनिया होतो आणि दर हजारांत एकाच्या मेंदूस दाह होतो. जेथे कुपोषण आहे, घरे दाटीची आहेत आणि बालकांच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा कमी आहे, तेथे हे प्रमाण कितीतरी वाढते. अतिसारामुळे बालक आठवड्याभरात वाळून जाते. तोंड आल्यामुळे ते अंगावर पीत नाही. ‘अ’ जीवनसत्त्व झपाट्याने खर्ची पडून डोळे कोरडे होतात, बुबुळावर फूल पडते आणि कायमचे अंधत्व येऊ शकते. शरीरात दडलेला क्षयरोग गोवरानंतर उसळी घेतो, हा तर डॉक्टरांचा जुना अनुभव आहे. क्वचित प्रसंगी गोवर बरा झाल्यानंतर अनेक वर्षांनी मेंदू हळूहळू निकामी करणारा असाध्य विकार जडतो. अगदी लहान वयात गोवर झालेल्या मुलांत त्याचा धोका अधिक असतो.

एका रोगाच्या पाठोपाठ इतके रोग का यावेत? आपल्या शरीरात रोगजंतूंची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतात. गोवराचा विषाणू नेमका त्यांच्यावरच घाला घालतो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधील ७७ मुलांच्या रक्ताचा गोवरापूर्वी व गोवरानंतर अभ्यास करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार या मुलांनी पूर्वी मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गमावली होती. गावच्या दप्तराला आग लागून जुन्या नोंदी जळून जाव्यात, तशी ही अवस्था होय. ज्या जंतूंशी शरीराने पूर्वी सामना दिलेला असतो, तेही मग परके होतात. म्हणून गोवर मावळल्यानंतरचे काही आठवडे, किंबहुना काही महिने, बालकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

रुग्णालयात येणारे बालक

गोवर झालेल्या प्रत्येक बालकास रुग्णालयात दाखल करावे लागत नाही. मात्र धोक्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. बालक शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बालकात मिनिटास ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बालक दूध अथवा पाणी पिऊ शकत नसेल, त्यास झटके येत असतील, ते सुस्त पडून राहत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल किंवा पुरळ मावळू लागल्यावर ताप पुन्हा चढला असेल, तर घरी थांबू नये.

गोवराच्या विषाणूवर थेट मारा करणारे सर्वमान्य औषध नाही. परंतु गुंतागुंतीवर उपाय आहेत आणि त्यांनी जीव वाचतात. न्यूमोनियासाठी प्रतिजैविके व प्राणवायू, अतिसारासाठी जलसंजीवनी व झिंक, आणि सर्वांसाठी ‘अ’ जीवनसत्त्व. या शेवटच्या उपायाचे महत्त्व दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथील रुग्णालयात सिद्ध झाले. तेथे गंभीर गोवराने दाखल झालेल्या १८९ बालकांपैकी सुमारे निम्म्यांना ‘अ’ जीवनसत्त्व व उरलेल्यांना तसेच दिसणारे निष्प्रभ द्रव्य देण्यात आले. एकूण १२ बालके दगावली. त्यांपैकी १० ‘अ’ जीवनसत्त्व न मिळालेली होती. १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज गोवराच्या प्रत्येक बालकास लागोपाठ दोन दिवस या जीवनसत्त्वाची मात्रा द्यावी, असा संकेत आहे. सहा महिन्यांखालील बालकास ५० हजार एकक, सहा ते अकरा महिन्यांच्या बालकास १ लाख एकक व त्यावरील बालकास २ लाख एकक असे प्रत्येक मात्रेचे प्रमाण असून ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असते.

घरोघरच्या रूढींविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवल्याने काही बिघडत नाही. श्रद्धेने ठेवणाऱ्यास कोणी हसू नये. परंतु गोवराच्या बालकाचे तेल-तूप बंद करणे, त्याचे अन्न तोडणे, ‘औषध दिले तर गोवर आत जिरेल’ म्हणून डॉक्टरांकडे न नेणे हे घातक आहे. या दिवसांत बालकास नेहमीपेक्षा अधिक आहार हवा असतो. आईचे दूध, ज्वारीची पेज, मऊ वरणभात, पपई असे पचेल ते थोडे थोडे, पण वारंवार द्यावे.

दोन मात्रांचे कारण

भारतात १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गोवराची लस त्याचा भाग आहे. २०१० पासून दुसऱ्या मात्रेचा समावेश होऊ लागला. पुढे गोवर व रुबेला या दोन्ही रोगांवरील संयुक्त लस आली. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी या लसीची मोठी मोहीम निघाली व तीत शाळांचा सहभाग मोलाचा ठरला. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांच्या आत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते.

जन्माच्या वेळी आईकडून मिळालेले संरक्षण बालकास काही महिने पुरते. ते शरीरात असताना लस दिली, तर लस पुरती रुजत नाही. फार उशिरा दिली, तर मधल्या काळात बालक उघडे पडते. या दोहोंचा मेळ घालून नववा महिना ठरविण्यात आला. त्या वयात दिलेली मात्रा सुमारे ८५ टक्के बालकांत संरक्षण निर्माण करते. उरलेल्या १५ टक्क्यांसाठी दुसरी मात्रा आहे. ‘एकदा सुई टोचली, आता पुन्हा कशाला?’ असे विचारणाऱ्या मातेस हे एवढे समजावून सांगितले, तरी पुरे.

सुईवाचून लस देता येईल काय, याचाही शोध महाराष्ट्रातच घेण्यात आला. पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये नऊ ते बारा महिन्यांच्या २,००४ बालकांवर झालेल्या अभ्यासात काहींना नेहमीप्रमाणे त्वचेखाली, तर काहींना तुषाररूपाने श्वासावाटे लस देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर टोचलेल्या बालकांपैकी ९४.७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. श्वासावाटे लस घेतलेल्यांत हे प्रमाण ८५.४ टक्के होते. सुई कायम राहिली, ती अशा पडताळणीनंतर.

कक्षातील आकडे कसे वाचावेत

गोवराची साथ आली की रुग्णालयाच्या बालरोग कक्षात लस घेतलेलीही काही मुले दिसतात. मग ‘लस घेऊनही गोवर झालाच’ अशी चर्चा पसरते. हे आकडे कसे वाचावयाचे, हे शिक्षकांनी तर आवर्जून समजून घ्यावे.

समजा, एका मोठ्या गावात २०० बालके आहेत. त्यांपैकी १८० जणांना पहिली मात्रा मिळाली व २० जणांना मिळाली नाही. १८० पैकी ८५ टक्के, म्हणजे १५३ बालके सुरक्षित झाली. २७ झाली नाहीत. गावात साथ आली आणि असुरक्षित अशा सर्वांना लागण झाली, तर ४७ मुले आजारी पडतील. त्यांत लस घेतलेली २७ आणि न घेतलेली २०. वरवर पाहणारा म्हणेल, निम्म्याहून अधिक रुग्णांनी लस घेतली होती! परंतु लस घेतलेल्या १८० पैकी २७ म्हणजे शंभरात १५ आजारी पडले आणि न घेतलेल्या २० पैकी वीसही पडले. कक्षात केवळ आजारी मुले दिसतात. घरी अंगणात खेळणारी ती १५३ मुले कोणी मोजत नाही.

आता याच १८० बालकांना दुसरीही मात्रा मिळाली, तर त्या २७ पैकी एक-दोनच असुरक्षित उरतील. तरीही लस न घेतलेली २० शिल्लक राहतातच. दोन्ही मिळून २०० पैकी सुमारे २२, म्हणजे ११ टक्के. गोवराची साखळी तोडण्यासाठी समाजात सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. म्हणजेच दुसरी मात्रा कितीही नेटाने दिली, तरी पहिल्या मात्रेलाही न आलेली ती वीस मुले सापडेपर्यंत गाव सुरक्षित होत नाही. आणि या सर्व हिशेबात नऊ महिन्यांखालील तान्ही बाळे धरलेलीच नाहीत. त्यांना लस देता येत नाही. भोवतालच्या मुलांची लस हेच त्यांचे कवच.

गोवंडीचा धडा

हा हिशेब कागदावरचा नाही, हे २०२२ साली महाराष्ट्राने पाहिले. कोविडच्या काळात अनेक ठिकाणी नियमित लसीकरण मागे पडले होते. त्या वर्षी ऑक्टोबरपासून मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव येथेही रुग्ण आढळले. मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात आजारी बालके मोठ्या संख्येने दाखल झाली व काही दगावली. दगावलेल्यांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. काही तर लसीच्या वयासही पोचलेली नव्हती. त्यानंतर साथग्रस्त भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या बालकांना एक जादा मात्रा आणि जेथे नऊ महिन्यांखालील रुग्ण दहा टक्क्यांहून अधिक होते, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही मात्रा देण्याचे धोरण केंद्र शासनाने कळविले. या बाळांच्या नेहमीच्या दोन मात्रा त्याखेरीज द्यावयाच्याच असतात.

अक्कलकोट : दोन याद्यांमधील बालक

गोवंडी दूर आहे असे कोणी समजू नये. मुंबईहून निघालेली रेल्वेगाडी सोलापूर ओलांडून अक्कलकोट रोड व दुधनी या स्थानकांवरून पुढे कर्नाटकात जाते. श्री स्वामी समर्थांच्या दर्शनास अक्कलकोटी वर्षभर दूरदूरचे यात्रेकरू येतात. स्वामींची जयंती व पुण्यतिथी चैत्रात येते आणि गोवराचा जोर आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. ऊसतोडणीच्या हंगामात जिल्ह्यातील साखर कारखान्यांभोवती मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपताच उठतात.

त्यात हा तालुका सीमेवरचा. येथे मराठी, कन्नड व उर्दू तिन्ही भाषा बोलल्या जातात. मराठीतला गोवर कन्नडमध्ये ‘दडार’ आणि उर्दूत ‘खसरा’ होतो. मराठीत छापलेले एकच पत्रक चावडीवर लावून काम भागत नाही. याहून महत्त्वाची बाब सोयरिकीची आहे. अनेक सुनांचे माहेर सीमेपलीकडील गावी असते. पहिलटकरीण बाळंतपणास माहेरी जाते, बाळाचे पहिले काही महिने तिकडेच जातात, सुरुवातीच्या लसीही तिकडेच टोचल्या जातात. नववा महिना उजाडतो तेव्हा बाळ सासरी आलेले असते. तिकडची आरोग्यसेविका म्हणते, ‘ते सासरी गेले’. इकडच्या यादीत त्याचे नाव चढलेलेच नसते. कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहते. कोणाचीही हयगय नसताना बाळ दोन याद्यांच्या मधोमध पडते. ऊसतोडणी कामगाराच्या बालकाचीही हीच गत. आपल्या हिशेबातील ती वीस मुले बहुधा अशीच असतात. लसीला विरोध करणारी घरे त्यांत थोडी. कोणाच्याच यादीत नसलेली अधिक.

कोणी काय करावे

पंचायत सदस्यांनी आपल्या वॉर्डातील दोन वर्षांखालील प्रत्येक बालकाची यादी आशा व अंगणवाडी सेविकेसोबत बसून करावी. केवळ गावात जन्मलेलीच नव्हे, तर माहेराहून आलेली, पाहुणी म्हणून राहणारी व कोपीवरची बालकेही तीत धरावीत. नावापुढे दोनच रकाने पुरेत : पहिली मात्रा, दुसरी मात्रा. ग्रामसभेत संख्या वाचून न दाखविता राहिलेल्या घरांकडे स्वतः जावे. कार्ड हरवले असेल आणि लस दिल्याचा पुरावा नसेल, तर आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने मात्रा द्यावी. पूर्वी लस घेतलेल्या बालकास आणखी एक मात्रा मिळाल्याने अपाय होत नाही.

शिक्षकांनी वर्गात ताप व पुरळ असलेले मूल दिसताच त्यास घरी पाठवावे, पुरळ उठल्यापासून चार दिवस शाळेत आणू नये असे पालकांस सांगावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. शाळेतील मुले लहान भावंडांची लस राहिली आहे काय हे घरून विचारून येतात, तेव्हा ती बातमी सहसा खरी असते.

आरोग्य यंत्रणेतील अधिकाऱ्यांनी लसीच्या जपणुकीकडे लक्ष द्यावे. ही लस भुकटीच्या रूपात असते. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि द्रावणात मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. सोलापूरच्या उन्हात हे पथ्य अधिकच काटेकोरपणे पाळले पाहिजे. कुपी वाया जाईल या भीतीने समोर आलेल्या एकुलत्या बालकास ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून परत पाठवू नये. मजुरी बुडवून आलेली आई पुढच्या आठवड्यात येईलच असे नाही. सौम्य ताप, सर्दी, जुलाब किंवा कुपोषण ही लस नाकारण्याची कारणे नव्हेत. कुपोषित बालकास तर ती आधी हवी.

रुग्णालयांनी आणखी एक पथ्य पाळावे. अन्य कोणत्याही आजारासाठी बालक दाखल झाले, तरी प्रथम त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. गोवराचा संशयित रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवावा, त्यास बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसवू नये. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या, लस न घेतलेल्या बालकास ७२ तासांच्या आत लस दिली, तर रोग टळू शकतो. याचा निर्णय डॉक्टरांनी तत्काळ घ्यावा. आणि ज्या बालकाची मात्रा राहिली आहे, ते बरे होताच, सुटी देण्यापूर्वीच त्यास लस द्यावी. अक्कलकोटच्या सीमेवरील वस्तीतून सोलापूरला नेलेल्या बालकासाठी रुग्णालयाचा दरवाजा ही कदाचित एकमेव भेट असते.

भारताने गोवर व रुबेला यांच्या निर्मूलनासाठी २०२६ हे वर्ष लक्ष्य म्हणून ठरविले. परंतु कोणत्याही रोगाचे निर्मूलन राजधानीत होत नसते. देवीच्या निर्मूलनासाठी कर्मचारी घरोघर फिरले, शेवटचा रुग्ण कोणत्या झोपडीत आहे हे शोधीत राहिले. गोवराच्या बाबतीत शोधावयाचे आहे ते लस न मिळालेले शेवटचे बालक. ते कोणत्या पाळण्यात आहे, हे मुंबई-पुण्यातील कार्यालयास ठाऊक असण्याचे कारण नाही. गावच्या आशाताईस, अंगणवाडीच्या बाईंस आणि वॉर्डाच्या सदस्यास ते ठाऊक असू शकते. येत्या लसीकरणाच्या दिवशी आपल्या वॉर्डाची यादी हाती घेऊन केंद्रावर तासभर बसण्याचे काम प्रत्येक सदस्याने अंगावर घेतले, तर रुग्णालयाच्या बालरोग कक्षातील एखादी खाट त्या वर्षी रिकामी राहील.